खमरियाची पद्धत, ग्लासगोची दारं

१० ऑगस्ट २०१४, रविवार

सकाळी पोहे, वर भरपूर शेव. शीला म्हणाली मीठ जास्त झालं. मला तर बरोबर वाटलं, दोनदा घेतले.

साडेअकराला प्रज्ञाचा फोन. तिच्याकडे ग्लासगोत तेव्हा सकाळचे सात, हॉस्पिटलच्या ड्यूटीवर निघायच्या आधी. सहा वर्षं झाली पोरीला तिकडे जाऊन, रविवारचा फोन म्हणजे ठरलेलं. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, आईला दे. आज "आईला दे" म्हणालीच नाही. म्हणाली, "बाबा, मतं कशी मागतात ते शिकवा मला."

मी म्हटलं, कोणाची मतं?

तर प्रकरण असं. पुढच्या महिन्यात १८ तारखेला तिथे मतदान आहे. स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळा, स्वतंत्र देश व्हावं का, एवढा एकच प्रश्न. उत्तर 'हो' किंवा 'नाही'. प्र. 'हो'वाल्यांच्या प्रचारात उतरली आहे. आणि तिला स्वतःला मत आहे! पासपोर्ट आपला, भारताचा, त्यावर पत्ता जबलपूरचा, आणि मत त्यांच्या देशाच्या फैसल्यात. तीनदा विचारून घेतलं. "हो बाबा, कॉमनवेल्थची माणसं इथे राहत असली तर त्यांनाही मत आहे."

शी.ला सांगितलं. ती म्हणे, "आपल्या नळाले पाणी कधी सोडू हे कोणी विचारत नाही, अन् तिले देश विचारून राहिले."

खूप दिवसांनी मोठ्याने हसलो.

१२ ऑगस्ट, मंगळ.

मधल्या वारी फोन! आधी वाटलं, काही झालं की काय. पण पोरगी खुशीत होती, तास्सभर बोलली.

मी विचारलं, तुला काय पडलंय त्यांच्या स्वातंत्र्याचं? म्हणाली, "सहा वर्षं यांच्या म्हाताऱ्यांना उचलून बसवून राहिली मी, बाबा. नियम सगळे लंडनहून येतात. दर वेळी नवा कागद, नवी भीती. हे म्हणून राहिले की वेगळे झालो तर बाहेरच्या माणसांना ठेवून घेऊ. ठेवून घेणार असतील तर मी इथेच राहते, घर बघते. नाही म्हणाले तर मार्चमध्ये परत येते."

परत म्हणजे इथे. एका नर्सिंग कॉलेजात शिकवायची जागा तिला देऊ केलेली आहेच, ते मार्चपर्यंत थांबायला तयार आहेत.

म्हणजे हिशेब सरळ झाला. 'हो' जिंकलं तर पोरगी तिकडची. 'नाही' जिंकलं तर घरी. आणि 'हो' कसं जिंकायचं ते मी शिकवायचं.

शी. भाजी चिरता चिरता सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "शिकवा ना. पण उलटं शिकवा."

मी म्हटलं, असं कुठे असतं का. ती चिरलेली वांगी उचलून आत गेली. वांग्याची भाजी मात्र फक्कड झाली होती.

१५ ऑगस्ट, शुक्र.

सकाळी स्कूटर काढून गढ्याच्या घरून थेट खमरिया, आमच्या फॅक्टरीत. झेंड्याला दर वर्षी तिथेच जातो, रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी. जुना क्वार्टर पाहिला. दुसऱ्याच कोणाची धुणी वाळत होती. पेरूचं झाड आहे अजून, प्र.ने लावलेलं.

दुबेजी भेटले. चेरीतालहून येतात तेही. तीस वर्षं आम्ही एकमेकांच्या विरुद्ध लढलो, त्यांची युनियन वेगळी, आमची वेगळी. वर्क्स कमिटीच्या निवडणुका आल्या की महिना-महिना बोलत नसू. आता झेंडावंदन झालं की दोघं मिळून जलेबी खातो, खोव्याची. त्यांना प्र.चं सांगितलं. डोळे बारीक करून म्हणाले, "मेश्रामजी, आपकी बिटिया और वोट न माँगे? ख़ून में है." मग म्हणाले, "लेकिन मैं तो 'ना' की तरफ़ से हूँ." काहून? "आप 'हाँ' की तरफ़ हैं न, इसलिए."

जलेबीचे पैसे त्यांनीच दिले.

१७ ऑगस्ट, रवि.

आज पहिला धडा. प्र. वही घेऊन बसली होती तिकडे. मीही इकडे चष्मा लावून, कम्प्युटरसमोर, धुतलेला सदरा घालून. शी. म्हणे नवरदेव दिसता.

सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, पुन्हा विसरेन. जोडीने जा, तिघं गेले की घरचा माणूस घाबरतो. ड्यूटी सुटल्या सुटल्या नको, आधी हातपाय धुऊ द्या, दोन घोट पाणी पिऊ द्या. दारात उभं राहा, उंबरा ओलांडू नका. आधी ऐका, मग बोला. पोरांची नावं लक्षात ठेवा. आणि खूण कोपऱ्यावर गेल्यावर करा, त्यांच्या देखत कधीच नाही. बरोबरची खूण म्हणजे आपला. फुली म्हणजे त्यांचा. गोल म्हणजे डळमळतो आहे, पुन्हा जायचं.

चौथी खूण 'च'. ती दुसऱ्या कोणाकडे नव्हती, आमचीच.

'च' म्हणजे चहा. जो दारातच भांडतो त्याचं मत मिळू शकतं, भांडतो म्हणजे विचार करतो. पण जो हात धरून आत बसवतो, चहा देतो, वर बिस्किटं देतो, मुलाबाळांची चौकशी करतो, त्याचं ठरून गेलेलं असतं आणि ते आपल्याला नसतं. मत देता येत नाही म्हणून चहा देतो बिचारा. 'च' लागला की त्या दारावर पुन्हा वेळ घालवायचा नाही. खमरियाच्या क्वार्टरांतून तीस वर्षं मी हे पाहिलं आहे.

प्र. खूप हसली. "बाबा, हे तुम्ही मला लहानपणी काहून नाही सांगितलं?"

लहानपणी मी घरी कुठे होतो. तिने ते बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

२१ ऑगस्ट, गुरु.

आता रोज फोन. संध्याकाळी प्रचाराला निघायच्या आधी पाच मिनिटं, सकाळी कालचा अहवाल. सहा वर्षांत बोललो नसू तेवढं या दहा दिवसांत बोललो. मला एका गल्लीतली सगळी माणसं पाठ झाली आहेत. लाल दाराची बाई, दोन कुत्री, आधी फुली, आता गोल. बेकरीवाला आपला. शाळेतली मास्तरीण भांडकुदळ, म्हणजे आशा आहे.

एक म्हातारा आहे, डंकन नावाचा. जहाजाच्या कारखान्यात होता, वेल्डर. बायको वारली, एकटाच राहतो. प्र. पहिल्याच दिवशी दारात गेली तर आत बोलावलं, तासभर बसवलं. चहा, बिस्किटं, बायकोचा फोटो. विचारलं काय, तर वेगळे झालो तर माझ्या पेन्शनचं काय? प्र.ला नीट सांगता आलं नाही. सांगून आली की पुढच्या आठवड्यात विचारून येते.

डंकनबद्दल ऐकताना बरं वाटलं. वेल्डर माणूस. आपल्यातलाच.

२४ ऑगस्ट, रवि.

यादी घेऊन बसलो दोघं. दारं जास्त, दिवस कमी, माणसं त्याहून कमी. काही नावं गाळावीच लागतील. प्र. वाचत गेली, मी सांगत गेलो. डंकनचं नाव आलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडे जायचं आहे मला, पेन्शनचं सांगायला."

मी विचारलं, चहा दिला होता ना?

"हो."

बिस्किटं?

"दोन प्रकारची."

मग 'च'. रेघ मार.

ती म्हणाली, "पण बाबा, ते एकटे आहेत." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, तासभर गेला तुझा, तेवढ्यात बारा दारं झाली असती. तिने रेघ मारली.

दुपारी झोप छान लागली.

३१ ऑगस्ट, रवि.

आनंदाची बातमी. प्र.ला तीन रस्त्यांची मुख्य केलं. तिच्या हाताखाली तिथलीच गोरी पोरं-पोरी. आमच्या खुणांना ते 'जबलपूर मेथड' म्हणतात म्हणे! 'च'ला तर त्यांनी चहाच्या कपाचं चित्र केलं आहे. प्र.ने फोटो पाठवला. मी तो मोठा करून दुबेजींना दाखवायला चेरीतालला गेलो, खास. त्यांनी चष्मा पुसून पाहिला, म्हणाले, "इसमें हमारा भी योगदान है. हम न हराते तो आप सीखते कैसे?"

येताना पेरू घेतले. शी.ला आवडतात तसे, अर्धे कच्चे. दोघं गच्चीवर बसून तिखटमीठ लावून खाल्ले. ती म्हणाली, "तुम्ही लई खूश आहात आजकाल."

आहे. खोटं कशाला लिहू.

मग म्हणाली, "पोरगी जाऊन राहिली अन् तुम्ही खूश."

पेरू तिथेच ठेवून खाली गेली.

५ सप्टें., शुक्र.

प्र.चा आवाज पडलेला. दुकानात डंकन भेटला. तिने हसून हाक मारली तर त्याने नुसती मान हलवली. मग जाता जाता वळून म्हणाला, तू येणार होतीस.

मग थांबून त्यानेच सांगितलं, मत पोस्टाने पाठवायचा लिफाफा घरी येऊन पडला आहे, दहा दिवसांपासून. त्याने टाकलेला नाही. एका कागदावर प्रश्न लिहून ठेवले होते, तिला विचारायला. रोज चारला किटली ठेवायचा.

मी म्हटलं, एका मताने काय होतं. म्हणालो आणि लगेच जीभ चावली. याच वाक्यावर मी आयुष्यभर लोकांशी भांडलो आहे.

७ सप्टें., रवि.

दोन दिवस डोक्यातून जात नाही. दुबेजी आले होते, त्यांना सांगितलं सगळं. म्हटलं, दुबेजी, चहाचा नियम कधी चुकला नव्हता हो आपला.

ते कप फिरवत म्हणाले, "मेश्रामजी, एक बात कहूँ? बुरा मत मानिएगा. कैंटीन वाले झगड़े के साल आप मेरे घर आए थे. याद है?"

आठवतं. विरोधी युनियनचा माणूस, तरी रीतसर गेलो होतो. त्यांच्या बायकोने चहा केला, सोबत गरम भजी. कोपऱ्यावर जाऊन 'च' लिहिला होता मीच.

"उस साल मेरा वोट आपको गया था. मेरी पत्नी का भाई भी उसी सेक्शन में था, उसका भी."

मला हसावं की रडावं कळेना. काहून नाही सांगितलं? म्हणे, "आप दोबारा आए ही नहीं. आते तो बता देता."

बावीस मतांनी हरलो होतो त्या साली. म्हणजे निदान दोन तर हातात होती आणि मला माहीत नव्हतं. कोण जाणे अजून किती 'च' तसेच गेले.

ते गेल्यावर एकटाच बसलो. नियम खोटा निघाला, ठीक आहे. माणूस चुकतो. पण दुसरीच गोष्ट टोचते आहे. पोरीने मला सांगितलं होतं, बायको वारली, एकटा राहतो. एकट्या माणसाच्या घरचा चहा निराळा असतो हे मला कळत नव्हतं? अडुसष्ट वर्षांचा माणूस मी. कळत होतं. तरी "रेघ मार" म्हणालो, आणि वर झोप छान लागली.

शी. "उलटं शिकवा" म्हणाली होती. मी नाही म्हटलं होतं. मग हे काय केलं?

९ सप्टें., मंगळ.

प्र.ला सांगून टाकलं. जसं वर लिहिलं आहे तसंच. दुबेजींचं मत, माझी झोप, सगळं.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मुद्दाम केलं?"

मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

"उद्या फोन करते."

शी.ने पौर्णिमेची खीर केली होती. वाटीत तशीच राहिली. तीही जेवली नाही नीट. आधी म्हणाली, "झालं ते बरंच झालं." मग पाच मिनिटांनी, "तो बुढा रोज चारले किटली ठेवत होता का हो?"

११ सप्टें., गुरु.

दोन दिवस फोन नाही. मी करायचा का? शी. म्हणते करा. मी म्हणतो तिचा तिला वेळ द्यावा. खरं म्हणजे भीती वाटते.

गॅस आला. पंख्याला तेल घातलं. उगाच.

१२ सप्टें., शुक्र.

आला फोन! सकाळीच. शी. धावत आली, हात कणकेने भरलेले.

प्र. म्हणाली, "यादी माझी होती बाबा, रेघ मी मारली. मला वाटत होतं जावं, तरी नाही गेली. तुमच्यावर कशाला ढकलू." मग म्हणाली, "पण ते मुद्दाम की काय, ते तुम्हीच पाहा. माझ्याकडून तुम्हाला माफी वगैरे नाही मिळणार, मागूही नका."

माझीच पोरगी. इतकं मोकळं वाटलं.

तिने ठरवलं आहे की रविवारी डंकनकडे जायचं, चारच्या आधी, बिस्किटं आपणच घेऊन. मी म्हटलं, मलाही ने.

"तुम्हाला कसं नेऊ?"

फोनमध्ये, आणखी कसं.

१४ सप्टें., रवि.

आपल्याकडे रात्रीचे आठ, तिकडे साडेतीन. जेवण लवकर उरकलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. शी. माझ्या मागे उभी, म्हणे मी दिसत नाही ना? दिसत होती, अर्धी.

डंकनचा चेहरा लाल, भुवया पांढऱ्या, झुपकेदार. प्र.ने सांगितलं, हे माझे वडील. त्याने मला विचारलं, तुम्ही काय बनवायचे? मी माझ्या फॅक्टरीच्या इंग्रजीत सांगितलं, दारूगोळा. तो म्हणाला, मी जहाजं. आम्ही दोघांनी थोडा वेळ आपापले हात कॅमेऱ्याला दाखवले. त्याचा अंगठा भाजलेला आहे, माझं करंगळीचं टोक गेलेलं आहे. प्र. म्हणे असं ओळख करून घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी आधी माफी मागितली. म्हटलं, ती येणार होती, मी येऊ दिलं नाही. चहाचा नियमही सांगितला. त्याला समजायला वेळ लागला, मग एवढा हसला की प्र.ने पाठ थोपटली त्याची.

मग पेन्शन. म्हटलं, मला माहीत नाही. प्र.लाही शंभर टक्के माहीत नाही. तो म्हणाला, दोन्ही बाजूंचे सगळे मला पक्कं सांगून गेले, माहीत नाही म्हणणारे तुम्ही पहिले.

नंतर त्याने एकदम विचारलं, तुमची मुलगी इथे राहावी असं तुम्हाला वाटतं?

फोन प्र.च्या हातात. ती ऐकते आहे. मागे शी.चा श्वास ऐकू येत होता मला. इंग्रजी तिला येत नाही, पण एवढं तिला कळलं असावं.

मी म्हटलं, नाही. मला ती घरी हवी आहे. पण तुमचं मत तुम्ही तिला द्या.

डंकन प्र.कडे वळून म्हणाला, तुझा बाप प्रचाराच्या कामाचा नाही. आणि आत जाऊन चहा घेऊन आला. मत कोणाला, काही बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही.

नंतर रस्त्यावर आल्यावर प्र. म्हणाली, "सहा वर्षांत एकदाही म्हटलं नाही तुम्ही, घरी ये म्हणून."

म्हटलं, तुझं चांगलं चाललं होतं ना. कसं म्हणू?

"म्हणायचं ना, बाबा. येणं न येणं माझं मी पाहिलं असतं."

नाक ओढत होती. तिकडे थंडी पडायला लागली आहे म्हणे.

१६ सप्टें., मंगळ.

सगळीकडे एकच चर्चा तिकडे. बसमध्ये, हॉस्पिटलात, पेशंट सलाइन लावलेल्या हाताने भांडतात. दोन्ही बाजू बरोबरीत आहेत असं म्हणतात, कोणालाच काही सांगता येत नाही. प्र.चे पाय सुजले आहेत. मी म्हटलं, कोमट पाण्यात मीठ टाकून बस. मला नर्सिंग शिकवू नका म्हणाली.

दुबेजींनी फोन करून विचारलं, "क्या ख़बर है ग्लासगो की?" ते आता 'हाँ'कडे झुकले आहेत. मी म्हटलं, तुम्ही तर माझ्या विरुद्ध होता. म्हणाले, "आप ख़ुद किधर हैं, पहले ये तो बताइए."

मी विषय बदलला, क्रिकेटवर नेला.

शी. दोन दिवस प्र.ची खोली झाडते आहे. गादी उन्हात घातली. मार्चला अजून सहा महिने आहेत.

१८ सप्टें., गुरु.

झालं. प्र.ने सकाळी केंद्र उघडल्या उघडल्या मत दिलं. आयुष्यातलं पहिलं. इथे अठराची झाली तेव्हा नागपूरला होस्टेलमध्ये होती, नंतर गेलीच. म्हणाली, "बाबा, बोटाला शाई लावत नाहीत इथे. अन् पेन्सिल देतात!" पेन्सिल? खोडलं कोणी तर? तिलाही तेच वाटलं, म्हणून इतकं दाबून लिहिलं की टोक मोडलं. दुसरी मागून घेतली.

दुपारनंतर पुन्हा फोन. डंकनला घेऊन गेली होती. त्याने लिफाफा पोस्टात टाकलाच नव्हता, केंद्रावर हाताने नेऊन देता येतो म्हणे. कोट घालून, टाय लावून आला. पूर्ण रस्ता तिच्या हाताला धरून. लिफाफा आतल्या खिशात, चिकटवलेला. तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. परत येताना बायकोबद्दल बोलत होता, लग्नातल्या पावसाबद्दल.

मी विचारलं, तुला काय वाटतं, कोणाला दिलं असेल? म्हणाली, "तुम्ही नका ना विचारू बाबा, तुमचे अंदाज मला महागात पडतात." दोघंही हसलो. मग आवाज बदलून म्हणाली, "हरलो तर मी रडीन. आधीच सांगून ठेवते. घरी यायचं म्हणून नाही रडणार, हरलो म्हणून रडीन. समजून घ्याल ना?"

घेईन म्हटलं.

निकाल उद्या सकाळी, आपल्या वेळेने दहा-साडेदहापर्यंत.

संध्याकाळी शी. वर्षावासाच्या वाचनाला विहारात गेली होती. मी आणायला गेलो. वाचन संपलं होतं, बाया निघून गेल्या होत्या, ही एकटीच मूर्तीसमोर हात जोडून, डोळे मिटून. ओठ हलत होते. चाळीस वर्षं झाली लग्नाला, हिला सांगतो आहे की आपल्यात मागायचं नसतं, बुद्ध द्यायला बसलेले नाहीत. हिलाही ते पटलेलं आहे, दुसऱ्या बायांना तीच समजावते.

स्कूटरवर मागे बसली. चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा विचारलं, मागून राहिली होती ना काही तरी?

"हो."

काय? मार्चमध्ये येऊ दे म्हणून?

सिग्नल सुटला. मागून हॉर्न. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. थोडं पुढे गेल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "दारोदार फिरली हो पोरगी. पाय सुजले तिचे. जिंकू दे तिले, म्हटलं."

मी स्कूटर हळू चालवली घरापर्यंत.